फ्रोझन शोल्डर: आधी स्टेज ओळखा, मग हात ताणायला घ्या

मी फिजिओथेरपिस्ट आहे, आखडलेले खांदे रोज बघते, आणि हे लिहायला बसले कारण तेच तेच दोन प्रकारचे पेशंट पुन्हा पुन्हा समोर येतात. एक म्हणजे ज्यांनी दुखणं ऐन भरात असताना हात ओढून ओढून खांदा पेटवून ठेवलेला असतो, आणि दुसरे म्हणजे ज्यांचं दुखणं कधीच कमी झालंय पण भीतीने सहा महिने हात पोटाशी धरून ठेवलाय. व्यायाम बहुतेकांना माहीत असतात, व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेले असतात. चुकतं ते एवढंच की बरोबर व्यायाम चुकीच्या महिन्यात केला जातो.

मागे एक पन्नाशीच्या बाई आल्या होत्या. खुर्चीत बसल्यावर त्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलला आणि मांडीवर ठेवला, झोपलेलं बाळ ठेवावं तसा अलगद. दुखायला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. कोणीतरी सांगितलं की हात मोकळा केला नाही तर कायमचा असाच राहील, म्हणून मुलगा रोज सकाळ-संध्याकाळ त्यांचा हात डोक्याकडे खेचायचा, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. रात्री सलग दोन तासही झोप नव्हती. आम्ही पहिलं काय केलं तर ते खेचणं थांबवलं.

म्हणून खाली जो क्रम दिलाय तो मोडू नका, मधल्या पायऱ्या गाळून एकदम व्यायामावर उडी मारू नका.

## आधी हे बघा: यातलं काही असेल तर थांबा

खांदा दुखतोय म्हणजे फ्रोझन शोल्डर, असं धरून चालू नका. पुढचं काही असेल तर घरी काहीही करत बसू नका:

- छातीत दाब किंवा कळ, घाम, धाप लागणं आणि सोबत खांदा, हात किंवा जबडा दुखणं. ही हृदयाची तक्रार असू शकते, लगेच इमर्जन्सीत जा.
- ताप, खांदा लाल-गरम-सुजलेला. सांध्यात इन्फेक्शन असू शकतं, हेही त्याच दिवशी दाखवायचं.
- पडल्यावर, अपघातानंतर, फिट आल्यावर किंवा शॉक लागल्यावर सुरू झालेलं दुखणं.
- आधी कधी कॅन्सर झालेला असणं, कारण नसताना वजन उतरणं, खांद्याजवळ किंवा काखेत गाठ.
- हाताची ताकदच गेली, वस्तू हातातून पडतात, बोटं बधिर पडतात.

फिट आणि शॉकचं मुद्दाम लिहिलं. त्यात कधी कधी खांदा मागच्या बाजूला निखळतो, हात बाहेरच्या बाजूला वळत नाही, आणि वरवर बघितलं तर हुबेहूब फ्रोझन शोल्डर वाटतो. नुसता समोरून काढलेला एक्सरे यात फसवू शकतो, बाजूचा व्ह्यू लागतोच. अशा खांद्याला ताणायला गेलात तर नुकसान होईल.

## १. तयारी: मोजल्याशिवाय सुरुवात नको

सामान फार नाही. एक हलकी काठी (छत्री पण चालते), दोन छोटे टॉवेल, दोन-तीन उशा, एक वही आणि फोटो काढायला मोबाईल.

हा आजार इतका हळू हलतो की रोजच्या रोज काही फरक जाणवत नाही, आणि माणूस तिसऱ्या आठवड्यात कंटाळून एकतर सगळं सोडतो नाहीतर दुप्पट जोर लावतो. वहीत आकडे असले की दोन्ही टळतं. दर दोन आठवड्यांनी, एकाच वेळेला, एकाच जागी उभं राहून या चार गोष्टी लिहा:

1. हात समोरून वर किती जातो (बाजूने फोटो काढून ठेवा).
2. कोपर अंगाला चिकटवून हात बाहेर किती वळतो.
3. पाठीमागे अंगठा कुठवर पोचतो: मांडीची बाजू, नितंब, कंबर की त्याच्या वर.
4. रात्री दुखण्यामुळे किती वेळा जाग आली.

चांगल्या हाताचंही एकदा मोजून ठेवा. तुमचा नॉर्मल म्हणजे तुमचा दुसरा खांदा, पुस्तकातला आकडा नाही.

चेक: आरशासमोर हात वर करा. खांदा कानाकडे चढतोय का, कमरेतून अंग दुसऱ्या बाजूला झुकतंय का? तसं होत असेल तर दिसणारी उंची खोटी आहे, अर्धं काम पाठीवरचं फावड्यासारखं हाड आणि कंबर करतेय. खांदा खाली ठेवून जितका जातो तितकाच लिहा.

## २. खरंच फ्रोझन शोल्डर आहे का, हे ओळखा

खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते, तिला कॅप्सूल म्हणतात. या आजारात ती आधी सुजते आणि मग जाड होऊन आकसते. धुतल्यावर आटलेल्या सदऱ्यात हात घालून बघा, तसं आतून होतं. म्हणून यातली खरी खूण अशी की हात तुम्ही स्वतः हलवा किंवा दुसऱ्याने हलवा, दोन्ही वेळा तो जवळपास एकाच ठिकाणी अडतो. हे वाक्य लक्षात राहिलं तरी अर्धं निदान झालं.

तपासायचं कसं: उताणे झोपा, कोपराखाली घडी केलेला टॉवेल ठेवा, कोपर अंगाला लागून आणि काटकोनात वाकवलेलं, बोटं छताकडे. आता घरातलं कोणीतरी मनगट धरून हात हळूच बाहेरच्या बाजूला, म्हणजे गादीकडे नेईल. अडला की थांबायचं, जोर अजिबात नाही. मग दुसऱ्या हाताचं करा. दुखरा हात चांगल्याच्या निम्म्यानेही वळत नसेल तर फ्रोझन शोल्डरचा संशय पक्का धरायला हरकत नाही. बाहेर वळणं सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त जातं, मग बाजूने वर उचलणं आणि पाठीमागे नेणं. त्यामुळेच कोटाची बाही चढवताना, सीट बेल्ट ओढताना, मागच्या खिशातून पाकीट काढताना पहिल्यांदा लक्षात येतं.

आता जे फ्रोझन शोल्डर नसतं पण ज्याच्यावर तोच शिक्का बसतो ते बघू:

दुसऱ्याने उचलला तर हात पूर्ण जातो, स्वतःला मात्र उचलता येत नाही. ही रोटेटर कफची, म्हणजे खांदा फिरवणाऱ्या स्नायूंच्या दोरांची तक्रार असू शकते, कदाचित दोर फाटलाय. साठीच्या पुढे हे खूप दिसतं.

मधल्या टप्प्यातच दुखतं, म्हणजे हात बाजूने वर नेताना खांद्याच्या पातळीच्या आसपास कळ येते आणि त्याच्या वर गेलं की कमी होते. हाही बहुतेक वेळा कफचाच त्रास.

एका रात्रीत असह्य ठणका, काही लागलं नाही, पडलं नाही. दोरात कॅल्शियम साठून असं होतं, एक्सरेत दिसतं.

मान वळवली की दुखणं बदलतं, कोपराच्या खाली बोटांपर्यंत मुंग्या जातात. मानेतली नस तपासा. फ्रोझन शोल्डरचं दुखणं बहुतेक खांद्याच्या बाहेरच्या बाजूला आणि दंडाच्या मध्यापर्यंत असतं.

बाहेर वळणं गेलंय पण सांध्यात करकर होते आणि वय जास्त आहे. सांध्याची झीज असू शकते, तीही एक्सरेवर कळते.

## ३. डॉक्टरकडे काय करून घ्यायचं

घरची तपासणी ही फक्त अंदाजासाठी, निदानाचा शिक्का डॉक्टरनेच मारायचा. ते मुख्यतः हाताने तपासून करतात आणि एक साधा एक्सरे काढतात, जो फ्रोझन शोल्डरमध्ये साधारण नॉर्मल येतो. म्हणून "एक्सरेत काहीच नाही, मग दुखतं कसं" असं वाटून घेऊ नका, त्यात काही नसणं हीच उपयोगाची माहिती आहे कारण झीज, कॅल्शियम, निखळणं हे सगळं बाजूला पडतं. एमआरआय प्रत्येकाला लागत नाही. दोर फाटल्याचा संशय असेल किंवा चित्र नीट जुळत नसेल तर सोनोग्राफी किंवा एमआरआय.

एक्सरेपेक्षा जास्त लोक जे विसरतात ते रक्त. डायबेटिस असणाऱ्यांना हा आजार जास्त होतो, त्यांच्यात जास्त चिवट असतो, आणि काहींना आपल्याला शुगर आहे हे खांदा आखडल्यावरच कळतं. त्यामुळे आधी केली नसेल तर एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) आणि थायरॉइडची टीएसएच याबद्दल डॉक्टरांना आपणहून विचारा. चाळीस ते साठ हे याचं नेहमीचं वय, बायकांत थोडं जास्त. हात बराच काळ प्लास्टरमध्ये किंवा झोळीत राहिला असेल, स्तनाचं किंवा हृदयाचं ऑपरेशन झालं असेल, अर्धांगवायू झाला असेल तर तेही सांगा.

चेक: क्लिनिकमधून बाहेर पडताना तीन प्रश्नांची उत्तरं हातात हवीत. दुसऱ्याने हलवूनही हात अडतो हे डॉक्टरांनी तपासलं का? एक्सरे बघितला का? शुगर-थायरॉइड कधी केलं होतं? यातलं पहिलंच झालं नसेल तर नुसत्या "फ्रोझन शोल्डर आहे" या वाक्यावर व्यायाम सुरू करू नका, पुन्हा विचारा.

## ४. स्टेज ओळखा (इथेच सगळे चुकतात)

पुस्तकात तीन स्टेज असतात, आणि महिने माणसागणिक बदलतात:

1. दुखरी स्टेज: साधारण ६ आठवडे ते ९ महिने. दुखणं वाढत जातं, रात्री जास्त, त्या कुशीवर झोपता येत नाही, अचानक हात हलला (काही पडताना झेलायला गेलात) तर अशी कळ येते की मिनिटभर काही सुचत नाही. हालचाल हळूहळू कमी होत असते.
2. आखडलेली स्टेज: साधारण ४ ते १२ महिने. बसल्या जागी दुखणं बरंच कमी, रात्र बरी जाते, पण हात अडतो तो अडतोच. दुखतं ते फक्त टोकाला ताणल्यावर.
3. सुटण्याची स्टेज: ६ महिने ते २ वर्षं. हालचाल परत येऊ लागते.

एकूण हिशोब १ ते ३ वर्षांचा. ऐकून पोटात गोळा येतो, मला माहितीये, पण दुखण्याचा वाईट भाग पूर्ण काळ नसतो आणि तो नीट उपचारांनी लवकर खाली आणता येतो.

मात्र कॅलेंडर बघून स्टेज ठरवू नका. मी पेशंटला एकच विचारते: हात दुखतो म्हणून थांबतो, की अडतो म्हणून थांबतो? अजून पुढे जागा आहे असं वाटतं पण दुखण्याने जाववत नाही, आणि रात्री झोपमोड होते, तर तुम्ही दुखऱ्या स्टेजमध्ये आहात, मग सुरू होऊन वर्ष का झालेलं असेना. दुखणं फारसं नाही पण दोरी ताणून संपावी तसा हात टोकाला जाऊन अडतो, तर आखडलेली स्टेज. दोन्ही थोडं थोडं असेल तर दुखरी धरून चाला आणि दोन आठवड्यांनी परत विचारा.

## ५. दुखऱ्या स्टेजमध्ये: पहिलं काम दुखणं उतरवणं

झोप. उताणे झोपत असाल तर कोपर आणि दंडाखाली उशी ठेवा, हात अंगापासून थोडासा लांब आणि पोटाच्या पातळीत आला पाहिजे, मागे गादीत पडायला नको. मागे पडलेला हात म्हणजे कॅप्सूलवर रात्रभर ताण. कुशीवर झोपत असाल तर चांगल्या कुशीवर, समोर जाडशी उशी मिठीत घेऊन, दुखरा हात तिच्यावर. एवढ्याने पहिल्या रात्री फरक वाटतो असे बरेच जण सांगतात.

औषध. पॅरासिटामॉल किंवा सूज कमी करणाऱ्या गोळ्या डॉक्टर देतात. सूजेच्या गोळ्या किडनी, पोटातला अल्सर, बीपी, हृदयाचा आजार, रक्त पातळ करणारी औषधं या सगळ्यांशी भांडू शकतात म्हणून स्वतःच्या मनाने महिनोन् महिने घेऊ नका. जमलं तर रात्रीच्या त्रासाच्या हिशोबाने वेळ ठरवून घ्या.

इंजेक्शन. सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन याच स्टेजला सगळ्यात जास्त उपयोगी पडतं, आणि लोक नेमकं इथेच घाबरून नाही म्हणतात, मग सहा-आठ महिने सोसून झाल्यावर, सूज ओसरून कॅप्सूल कडक झाल्यावर घ्यायला येतात, तेव्हा फायदा कमी होतो. एकदा सांध्यात दिलेलं इंजेक्शन आणि महिनोन् महिने पोटात घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंजेक्शनमुळे पहिले काही आठवडे ते काही महिने दुखणं कमी राहतं, आणि ती मोकळीक व्यायामाला वापरायची. इंजेक्शन घेतलं, बरं वाटलं, व्यायाम केलाच नाही, असं झालं की सगळं वाया जातं.

सावधान: डायबेटिस असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस शुगर वर जाते. आधी डॉक्टरांशी बोला, आठवडाभर शुगर जास्त वेळा तपासा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांगा. इंजेक्शननंतर पहिले एक-दोन दिवस थोडं जास्त दुखू शकतं, पण दुखणं वाढतच चाललंय, ताप आला, सांधा लाल झाला तर त्याच दिवशी परत जा.

शेक की बर्फ? ज्याने बरं वाटेल ते, दहा-पंधरा मिनिटं, मध्ये कापड ठेवून. यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. डायबेटिसमुळे त्वचेला गरम-थंड नीट कळत नसेल तर शेक स्वतःच्या अंदाजाने घेऊ नका, चटका बसतो आणि कळत नाही.

### या स्टेजचे व्यायाम

तीनच, आणि तेही हलके.

1. लटकता हात. चांगला हात टेबलावर टेकवा, कमरेतून वाका, दुखरा हात खाली सैल सोडा. आता कंबर आणि पाय हलवा म्हणजे हात आपोआप झुलेल, पुढे-मागे, मग छोटे गोल. एक-दोन मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. चूक कुठे होते? लोक हाताने हात फिरवतात. खांद्याचे स्नायू ताठ राहिले तर व्यायामाचा हेतूच गेला. हातात वजन धरायचं नाही.
2. टेबलावर सरकवणं. खुर्चीत बसा, हात टॉवेलवर, टॉवेल टेबलावर. अंग पुढे झुकवा म्हणजे हात पुढे सरकेल. टोकाच्या जरा आधी पाच सेकंद थांबून परत. दहा वेळा.
3. काठीने बाहेर वळवणं. तपासणीसारखंच उताणे झोपा, कोपराखाली टॉवेल, काठी दोन्ही हातांत. चांगल्या हाताने काठी ढकलून दुखरा हात बाहेर न्या. पाच सेकंद, दहा वेळा. कोपर अंगापासून सुटलं की चिटिंग झाली.

चेक, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा: व्यायामानंतर वाढलेलं दुखणं अर्ध्या तासात पूर्वीच्या पातळीला आलं पाहिजे आणि त्या रात्रीची झोप आदल्या रात्रीपेक्षा बिघडायला नको. बिघडली तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा. दात-ओठ खाऊन करायची ही वेळ नाही.

हे नुसतं माझं मत नाही. २००४ साली आलेल्या एका डच अभ्यासात ७७ पेशंट होते, काहींना दुखण्याच्या पुढे जाऊन ताणण्याची जोरदार फिजिओथेरपी आणि काहींना दुखण्याच्या मर्यादेत हलका व्यायाम आणि शक्य ती रोजची कामं. २ वर्षांनी हलक्या गटातल्या ८९ टक्के लोकांचा खांदा नॉर्मल किंवा जवळपास नॉर्मल झाला होता, जोरदार गटात ६३ टक्के. अभ्यास छोटा आहे, पण रोज जे बघते त्याच्याशी जुळतो. तेव्हा फिजिओकडे जाऊन दर वेळी रडून बाहेर येत असाल तर "दुखलं तरच फायदा" हे ऐकून घेऊ नका, सरळ सांगा की रात्री झोप येत नाही, जोर कमी करा. आणि मसाज करून एका झटक्यात खांदा मोकळा करून देतो म्हणणाऱ्याच्या हातात तर खांदा देऊच नका, हाडं ठिसूळ असतील तर दंडाचं हाड मोडू शकतं.

झोळी नको. एखाद-दुसरा दिवस फार ठणकत असताना ठीक आहे, पण आठवडेच्या आठवडे हात बांधून ठेवला तर आखडणं वाढतंच. दुखत नाही तेवढ्या उंचीत हात वापरत राहा: जेवण, लिहिणं, कीबोर्ड, भांडी विसळणं, सगळं चालतं.

## ६. आखडलेल्या स्टेजमध्ये: आता ताणायचं

इथे नियम उलटा होतो आणि दुखऱ्या स्टेजमध्ये पोळलेले लोक इथे फार जपून राहतात. रात्री झोप लागतेय, बसल्या जागी दुखत नाही, मग ताण द्यायलाच हवा. ताणताना दहापैकी तीन-चार इतकं दुखणं चालेल, अर्ध्या तासाचा आणि झोपेचा नियम मात्र तोच.

आधी दहा मिनिटं शेक किंवा गरम पाण्याने अंघोळ, मग लटकता हात एक मिनिट, मग पुढचे याच क्रमाने:

1. दाराची चौकट. कोपर अंगाला, काटकोनात, तळहात चौकटीवर. पाय हळूहळू वळवून अंग हातापासून दूर फिरवा, दंडाच्या पुढच्या बाजूला ताण येईल. ३० सेकंद, तीन ते पाच वेळा. वेळ कमी असेल तर बाकी सोडा पण हा करा, कारण बाहेर वळणं मोकळं झाल्याशिवाय हात वर नीट जातच नाही. लोक भिंतीवर बोटं चढवत बसतात आणि हा व्यायाम करतच नाहीत, मग दोन महिने हात त्याच खुणेवर अडकतो.
2. भिंतीवर बोटं चढवणं. भिंतीकडे तोंड, बोटांनी चालत वर, टोकाला ३० सेकंद. भिंतीवर पेन्सिलने खूण करा. खांदा कानाकडे चढला तर ती खूण धरायची नाही, दोन इंच खाली या.
3. छातीवरून आडवा. दुखऱ्या हाताचं कोपर चांगल्या हाताने धरून छातीवरून दुसऱ्या बाजूला ओढा. ३० सेकंद, तीनदा.
4. पाठीमागे टॉवेल. हा सगळ्यात शेवटी, आणि बाकीचे तीन बऱ्यापैकी सुटल्यावरच. वर चांगला हात, खाली दुखरा, टॉवेल हळू वर ओढा. पाठीमागे हात जाणं सगळ्यात उशिरा येतं, त्यामुळे यावरून निराश होऊ नका, आणि घाईही करू नका कारण हाच व्यायाम सगळ्यात जास्त खांदे परत चिडवतो.

दिवसातून एकदा तासभर करण्यापेक्षा पाच-सात मिनिटं तीन-चार वेळा करा. कॅप्सूलला एका दिवसाचा जोर कळत नाही, रोज टोकाला किती वेळ राहिलात ते कळतं.

सावधान: मध्येच रात्रीचं दुखणं परत सुरू झालं तर आठवडाभर पायरी ५ चे व्यायाम करा आणि मग परत या. ते मागे जाणं नाही, असं होतं.

## ७. सुटायला लागल्यावर ताकद

हालचाल परत येते पण एवढे महिने न वापरल्यामुळे दंड बारीक झालेला असतो. ताणणं दिवसातून एकदा-दोनदा चालू ठेवा आणि आठवड्यातून तीन दिवस ताकदीचे व्यायाम घाला: आधी भिंतीला मूठ दाबून दहा सेकंद धरणं, मग रबर बँडने कोपर अंगाला ठेवून बाहेर ओढणं, बँड मागे ओढणं, भिंतीवर पुश-अप्स. दहा ते पंधराचे दोन-तीन सेट. डोक्यावर वजन उचलणं सगळ्यात शेवटी. खांदा कानाकडे न चढता हात वर जात नाही तोवर तर नकोच.

## ८. अडूनच बसलं तर

तीन-चार महिने क्रमाने, मनापासून करूनही वहीतले आकडे हलत नसतील आणि रोजची कामं अडत असतील, तर ऑर्थोपेडिक डॉक्टरशी पुढचं बोलायचं. तीन रस्ते असतात:

- हायड्रोडायलेटेशन: सोनोग्राफी किंवा एक्सरेच्या मदतीने सांध्यात सलाइन, भुलीचं औषध आणि बहुतेक वेळा स्टिरॉइड भरून कॅप्सूल आतून फुगवतात. भरती व्हावं लागत नाही.
- भूल देऊन हात फिरवणं: तुम्ही भुलीत असताना सर्जन कॅप्सूल सोडवतात. धोके कमी असले तरी आहेत: हाड मोडणं, दोर फाटणं, नसेला इजा.
- दुर्बिणीतून ऑपरेशन: आकसलेली कॅप्सूल कापून मोकळी करतात.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासात ५०३ पेशंट होते. भूल देऊन फिरवणं, दुर्बिणीचं ऑपरेशन, आणि इंजेक्शनसोबत शिस्तीची फिजिओथेरपी, या तिघांत वर्षभराने कोणीच बाकीच्यांपेक्षा ठळकपणे सरस निघालं नाही. ऑपरेशनच्या गटाला पुढे आणखी उपचार कमी लागले पण गंभीर गुंतागुंतीही त्यातच जास्त दिसल्या. म्हणून ऑपरेशन हा शॉर्टकट समजून पहिल्या महिन्यात मागू नका, आणि खरंच गरज असेल तर घाबरून टाळूही नका.

चेक: यातलं काहीही ठरवताना आधी विचारा, "दुसऱ्या दिवसापासून फिजिओ कोण करून घेणार?" हात फिरवल्यावर किंवा ऑपरेशननंतर लगेच व्यायाम सुरू झाला नाही तर मोकळा केलेला खांदा परत आखडतो. फिजिओची वेळ आधी ठरवा, ऑपरेशनची तारीख मग.

## बरं झाल्यावरही वही ठेवा

एकदा बरा झालेला खांदा सहसा परत आखडत नाही, पण काही जणांना पुढच्या काही वर्षांत दुसऱ्या खांद्याला होतं, डायबेटिस असेल तर जास्त. म्हणून महिन्यातून एकदा दोन्ही कोपरं अंगाला लावून हात बाहेर वळवून बघा. चांगल्या खांद्याचं बाहेर वळणं कमी होताना दिसलं आणि रात्री त्या कुशीवर झोपताना दुखायला लागलं, तर दोन-तीन महिने वाट न बघता त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.